लिलीचा क्रूस

आमच्या आळीत क्रूस दोनच आहेत. रिक्षावाले मात्र तीन सांगतात. तिसरा माझ्या बागेत आहे आणि तो आजपर्यंत कुणीही पाहिलेला नाही.

वसई स्टेशनबाहेर कुणी "लिलीच्या क्रुसाला सोडा" म्हणालं की रिक्षा थेट माझ्या फाटकाशी येऊन थांबते. माणूस उतरतो, इकडेतिकडे बघतो, केळीच्या मागे डोकावतो आणि शेवटी मलाच विचारतो, क्रूस कुठे आहे? पूर्वी मी सगळी हकीकत सांगायची. आता गुडघे दुखतात, आणि ही हकीकत उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. तुम्ही बसलेले आहात म्हणून सांगते.

मी मूळची बोळिंजची. लग्न करून वसईच्या वाडीत आले. घरात माझा नवरा इनास, त्याची बँकेतली नोकरी, त्याची आई, केळी, पानवेली आणि एक विहीर. मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सासूबाईंना माझं शिक्षण मान्य होतं, फक्त त्याचा उपयोग मान्य नव्हता. राग आला की त्या मला "मास्तरीण" म्हणत, त्यामुळे माझं लूसी हे नाव घरात फारसं वापरात आलं नाही. (आमची घरची बोली इथे जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला कळायची नाही, म्हणून सासूबाईंना मी साध्या मराठीत बोलायला लावते आहे. त्यांना आवडलं नसतं.)

माझी एक मावशी सिस्टर होती, दक्षिणेत कुठेतरी डोंगरावरच्या कॉन्व्हेंटमध्ये. एका सुट्टीत तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन रोपं आणली. एक फिकट पिवळ्या फुलाचं, दुसरं फिकट गुलाबी फुलाचं. म्हणाली, ही डेलिली. हिचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मान टाकतं, म्हणून डे. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या की एका दिवसाच्या फुलाला वर्षभर पाणी घालायचं म्हणजे कमाल झाली, त्यांच्या लग्नाचा मांडवसुद्धा त्याहून जास्त टिकला होता.

मावशी जाता जाता आणखी एक गोष्ट बोलून गेली आणि तिनंच घात केला. या फुलात हवे ते रंग मिळतात, पण दुधासारखं पांढरं फूल अजून कुणाला साधलेलं नाही, असं ती म्हणाली. झालं! बोळिंजच्या लूसीला ते साधणार असं माझ्या मनानं तिथल्या तिथे घेतलं. पिवळीचा आणि गुलाबीचा संकर करायचा, बी धरायचं, रोपं वाढवायची, त्यातून पांढरं निघेपर्यंत थांबायचं. बियांपासून फुलापर्यंत दोन-तीन वर्षं जातात हे मला ठाऊक होतं. त्या वर्षांत पाऊस दगा देणार हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला. दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. विहीर तळाला गेली आणि उरलेलं पाणी मचूळ लागायला लागलं. घरातलं पाणीखातं सासूबाईंनी ताब्यात घेतलं. आंघोळीला एक बादली, तीही इनासला, कारण तो बँकेत चार लोकांत बसतो. मी शाळेत पन्नास पोरांत उभी राहते याला किंमत नव्हती. माझ्या लिलींसाठी रोज एक तांब्या मंजूर झाला, तोही तांदूळ धुतलेल्या पाण्याचा. मी तो तांब्या दोन हातांत धरून, एक थेंब न सांडता बागेत न्यायची. त्या तांब्यावर मावशीची दोन रोपं कशीबशी तगली, पण संकराच्या बियांची बरीच रोपं गेली. राहता राहिलं एक, आणि त्या एकावर माझा जीव अडकला होता.

आता हा संकर करतात कसा, ते ऐका. ऊन चढायच्या आत, उजाडता उजाडता बागेत जायचं. गुडघ्यांवर बसायचं. एका फुलाचे पराग काडीला लावलेल्या कापसावर घ्यायचे, दुसऱ्या फुलाला लावायचे, आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. कुठल्याचे पराग कुठल्याला लावले हे विसरायला होतं, म्हणून मी तोंडानं पुटपुटायची, "पिवळीचे गुलाबीला, गुलाबीचे पिवळीला." म्हणजे कुंपणापलीकडून बघणाऱ्याला काय दिसायचं? पहाटेच्या उजेडात गुडघे टेकलेली बाई, हातात दोरा, ओठ हलताहेत.

कुंपणापलीकडून बघणारी होती मोनीबाय. आमची शेजारीण, मिठागराकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, नजर घारीची. तिनं काही दिवस बघितलं आणि मग सासूबाईंना विचारलं की तुमची सून पहाटे तिथे करते काय. मी स्वयंपाकघरात होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"क्रॉस करते," सासूबाई म्हणाल्या. (हा शब्द मीच त्यांना शिकवला होता!) "रोज सकाळी. पांढरं फूल यावं म्हणून."

"आनि आलं की?"

"आलं की सुटलो, असं म्हणते."

सासूबाईंना म्हणायचं होतं की पांढरं फूल आलं की ही बाई हा नाद सोडेल आणि त्यांचा तांब्या वाचेल. पण मोनीबायनं ऐकलं ते असं: मास्तरीण रोज पहाटे गुडघे टेकून छातीवर क्रूस करते, आणि पांढरी लिली फुलली की सगळे सुटणार. त्या वर्षी अख्ख्या आळीला एकाच गोष्टीतून सुटायचं होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात बायकांनी माझा हात हातात घेतला. एकीनं डोळे पुसले. मला वाटलं माहेरी कुणी गेलं. मग कळलं काय ते, आणि मी तिथल्या तिथे सगळ्यांना समजावून सांगायचं ठरवलं. शिक्षिकेची खोड! मी म्हटलं, अहो, क्रॉस म्हणजे तो क्रूस नव्हे. क्रॉस म्हणजे संकर. एका फुलाचे पराग घ्यायचे, दुसऱ्या फुलाला लावायचे, म्हणजे त्या दोघांपासून तिसरं होतं. एका आजीनं आपल्या नाती हळूच बाजूला नेल्या. मोनीबाय मात्र सगळ्यांकडे कौतुकानं बघून म्हणाली, "बघा कशी लपवते. खरं भक्तीचं मानूस असंच असतं."

यानंतर मी जेवढं नाकारलं तेवढी माझी नम्रता वाढत गेली. फादरांकडे गेले. ते शहाणे होते. म्हणाले, पावसासाठी प्रार्थना मी चर्चमध्ये करतोच आहे, बागेत कुणी करत असेल तर मी अडवू कसा? आणि हसले. पलीकडच्या पाड्यातली हिंदू मंडळीही एक दिवस नारळ घेऊन आली. पाऊस आला तर तो काही पाडा बघून पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग कळश्या यायला लागल्या. खरंच सांगते! प्यायला पाणी नाही आणि प्रत्येक घरातून लिलीसाठी कळशी. मी नको म्हटलं तर बायका म्हणायच्या, तुला कोण देतंय, आम्ही फुलाला देतो. सासूबाई लगेच फाटकात उभ्या राहायला लागल्या. आलेल्या कळशीतलं अर्धं त्या लिलीच्या बुंध्याशी ओतायच्या आणि अर्धं आमच्या पिंपात. हा हिशेब त्यांनी मला कधी सांगितला नाही, पण आंघोळीला मलाही बादली मिळू लागली तेव्हा मी ओळखलं.

इथवर प्रकरण घरगुती होतं. त्यात पुढारी आला आणि ते सार्वजनिक झालं.

पुढाऱ्याचं नाव बस्त्यावशेठ. कंत्राटदार माणूस. मागच्या निवडणुकीच्या आधी त्यानं आमच्या आळीत नळ बसवले होते. नळांना हार घातले, नारळ फोडले, पेढे वाटले. नळ आले, पाणी यायचं राहिलं. त्याचे स्वतःचे टँकर होते, पण ते आमच्याच भागातल्या विहिरींचं पाणी उपसून आचोळ्याच्या बाजूला उठणाऱ्या नव्या बिल्डिंगांना विकायला जात. आता पुन्हा निवडणूक आली होती, आणि आळीतल्या बायका त्या कोरड्या नळांवर ओली फडकी वाळत घालून त्याला दाखवत होत्या. अशा वेळी त्याला लिली कळली. नळाला पाणी आणण्यापेक्षा फुलाला पाणी घालणं त्याला सोपं वाटलं असावं.

एका सकाळी आमच्या फाटकाशी टँकर उभा. माणसांनी अर्ज करून, भांडून, ओरडून जो टँकर कधी आला नाही, तो एका रोपासाठी आला. शेठ स्वतः पुढे बसून आले. त्यांनी रोपाला हात जोडले, भोवती बांबूचं कुंपण घालायला लावलं आणि नियम केला की फूल उमलून प्रार्थना होईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. राखणीला मोनीबायला बसवलं. मी म्हटलं, शेठ, झाड माझं आहे.

"बाई," ते म्हणाले, "आता ते समाजाचं आहे."

त्यांनी पाइप सोडला. मी कळवळून सांगितलं की या झाडाला एवढं पाणी चालत नाही, या उन्हात बुंध्याशी पाणी साचलं तर मुळं कुजतील. शेठ मागे उभ्या असलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले की दुष्काळात पाणी नको म्हणणारी बाई आपण प्रथमच बघतो आहोत. मंडळी माझ्या त्यागावर खूश झाली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या एकुलत्या रोपानं दांडा काढला. दांड्यावर एकच कळी. मला रात्री झोप येईना. तीन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते फूल एका दिवसासाठी येणार होतं. ते पांढरं निघावं ही एक इच्छा. आणि निघो न निघो, त्याच सकाळी त्याचे पराग पिवळीला लावून पुढचं बी धरायचं ही दुसरी. तो एक दिवस गेला की पराग गेले, पुन्हा वर्षभर थांबा. इनासला मी हे सांगितलं. तो म्हणाला, तू काळजी करू नकोस, पांढरं नाही निघालं तर आपण बोळिंजला राहायला जाऊ.

कळी फुगली, फिकट दिसायला लागली. मोनीबायनं वर्दी दिली, उद्या. शेठचा निरोप आला की कार्यक्रम सकाळी दहाला, शेठ स्वतः हार घालतील, मग रोझरी, मग उकडलेले चणे. (चणे आमच्याकडून.)

मी उजाडायच्या आत काडी आणि कापूस घेऊन बागेत. मोनीबाय माझ्याआधी बसलेली. फूल उमलत होतं. हळूहळू पाकळ्या मागे गेल्या, उजेड पडला, आणि मला रंग दिसला. पांढरा नव्हता. पिवळा नव्हता, गुलाबीही नव्हता. सुक्या बोंबलाचा असतो ना, तो रंग होता. मी तिथेच मटकन बसले आणि रडले. तीन वर्षं तांदळाचं पाणी घालून मी बोंबील फुलवला होता! आता आळी येईल, बघेल, आणि मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ज्या बायकांनी पोरांच्या तोंडची कळशी इथे आणून ओतली, त्यांना काय सांगू?

मोनीबायनं फुलाकडे वाकून बघितलं. मग म्हणाली, "पांढरं कशाला हवं? ह्यो तर गढूळ पान्याचा रंग. पूर येनार, पूर!"

दहाच्या आत सगळी आळी जमली आणि सगळ्या आळीला रंग पटला. पांढऱ्या फुलाची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही. मी एकटीच तेवढी रडवेली होते, आणि तेही लोकांनी भक्तीत धरलं. मी डोळे पुसून काडी पुढे केली. निदान पराग तरी मिळावेत! मोनीबायनं छडी आडवी धरली. शेठ आल्याशिवाय हात नाही.

दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. शेठचा पत्ता नाही. चणे संपले, सासूबाईंनी पुन्हा उकडायला घातले. ऊन असं की कुंपणाचे बांबू तडकायला लागले. मी दर थोड्या वेळानं जाऊन विनवायची, एकदाच, एवढीशी काडी लावते. दर वेळी तेच उत्तर. मुलांना परागीभवन शिकवणारी बाई मी, आणि माझ्यापुढे माशा बिनदिक्कत फुलावर बसून जात होत्या. त्यांना शेठची परवानगी लागत नव्हती.

दिवेलागणीला शेठ आले. दुसरीकडे एका नळाचं उद्घाटन होतं, तिथे उशीर झाला म्हणे. फूल तोवर मिटून, चुरगळलेल्या रुमालासारखं लोंबत होतं. शेठनी विचारलं, फूल कुठे आहे? दाखवलं. शेठनी एक क्षण माझ्याकडे संशयानं बघितलं, पण समोर मतदार होते. त्यांनी झेंडूचा जाड हार उचलला आणि त्या बोटभर दांड्याला घातला. दांडा कट्कन मोडला. हार, फूल आणि माझी तीन वर्षं एकदम खाली आली. शेठ गडबडले नाहीत. म्हणाले, बंधुभगिनींनो, हे फूल दिवसभर तुमच्यासाठी उभं राहिलं आणि माझ्यापुढे नतमस्तक झालं. पाऊस येईपर्यंत या पवित्र लिलीला मी दर आठवड्याला टँकर पाठवीन!

टाळ्या पडल्या. आणि सांगायला हवं, शब्द त्यांनी पाळला. दर आठवड्याला टँकर यायचा, बायका हंडे-कळश्या घेऊन रांग लावायच्या, लिलीला एक तांब्या दाखवायच्या आणि बाकी टँकर घराघरांत जायचा. मोनीबायच्या मते चमत्कार झालाच होता. पाणी आलं होतं, ढगातून न येता चाकांवरून आलं एवढंच.

मी खचले होते, पण झाड तरी वाचलं होतं. जून लागला, शाळा सुरू झाली, पावसाचं नाव नाही. नियमाप्रमाणे मला अजूनही कुंपणाबाहेरूनच बघावं लागे. पण काय सांगू तुम्हाला, पानं अशी तरारली होती! फूल मोडल्यावर काही दिवसांतच रोप दुप्पट झालं. दोन्ही आयांपेक्षा उंच, पात लांब, कडा धारदार. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संकराचा जोम! पुस्तकात शिकवते ते माझ्या बागेत उभं होतं. रंगानं हरले असेन, विज्ञानानं जिंकले होते.

मी नववीचा अख्खा वर्ग बागेत आणला. कुंपणाबाहेर ओळीनं उभा केला आणि छडीनं पानं दाखवत तासभर शिकवलं. बघा, दोन वेगळ्या जातींच्या संकरातून होणारी संतती आईबापांपेक्षा कशी जोमदार असते. कडा बघा, आईबापांच्या अशा नव्हत्या. मुलांनी चित्रं काढली. सासूबाई ओटीवर बसून कौतुकानं ऐकत होत्या. माझा तास त्यांनी पहिल्यांदाच ऐकला, म्हणून मी जरा आवाज चढवूनच बोलले.

त्या संध्याकाळी मी थकून बसले होते. सासूबाईंनी न मागता चहा आणून दिला. पहिल्या घोटाला मी थांबले.

"आई, गवती चहा कुठून आणलात? मोरीमागचा तर यंदा अर्धाच दिसतो."

"कुठून म्हणजे?" त्या म्हणाल्या. "क्रुसाकडून."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. हार घातला त्याच आठवड्यात माझी लिली कुजून बसली होती, मुळापासून. पाणी जास्त झालं. शेठला कळलं तर टँकर बंद, टँकर बंद तर आळी तहानेली. म्हणून मी बाजारात गेलेली बघून त्यांनी मोरीमागचा गवती चहाचा अर्धा गड्डा उपटला आणि कुंपणात लावला. मोनीबायनं धरायला मदत केली. आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. शेठ दर आठवड्याला येऊन गवती चहाला हात जोडून जात होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू खरं बोलली असतीस," त्या म्हणाल्या. "पोरांना एवढं छान शिकवत होतीस, मध्ये कशाला बोलू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण बाहेर बायका भरल्या हंड्यांनी घरी जात होत्या, आणि मी चहा संपवला.

मोनीबायचा पूर आलाच नाही. पाऊस आला तो उशिरा, कुणाचीही वाट न बघता, आणि शेठ निवडून आले. सहामाही परीक्षेत नववीच्या पेपरात मी आधीच काढून ठेवलेला प्रश्न होता: संकरातून येणाऱ्या जोमाचे एक उदाहरण द्या. सबंध वर्गानं एकच उत्तर लिहिलं होतं, "आमच्या बाईंची लिली." दोघांनी तर आकृतीही काढली होती. गवती चहाची आकृती अगदी बिनचूक होती, आणि मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.